खंडा म्हणा, तलवार म्हणा

खट्ट.

देवघराची कडी वाजली आणि रेश्माचे मिटू लागलेले डोळे उघडले. बाकी घर चिडीचूप होतं. लाइट गेली होती, त्यामुळं पंख्याची घरघरही नव्हती. समर्थ तिच्या दंडावर आत्ता कुठं झोपला होता. दात येत होते त्याचे. रात्र रात्र त्यानं तिला पाठ टेकू दिली नव्हती. दंडाला मुंग्या आल्या होत्या, पण दंड काढायची तिची हिंमत होत नव्हती.

दुपारचं देवघर कोण उघडतंय? आबा डेअरीवर गेलेले, आत्या मळ्यात, छकुली बालवाडीत. मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली, हळूच, आणि थोड्या वेळानं बाहेर मोटारसायकलची किक. म्हणजे राजवर्धन भावजी. आज वाढदिवस त्यांचा, देवाच्या पाया पडायला आले असतील. कडी पुन्हा लागल्याचा आवाज काही आला नाही. उठून बघावं, असं तिच्या मनात आलं. पण उठलं की लेकरू उठणार, आणि लेकरू उठलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिनं डोळे मिटले.

त्या देवघरात टाकांच्या वर भिंतीत दोन खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर लाल कापडात गुंडाळलेली एक जुनी तलवार. पण तिला तलवार असं त्या घरात कुणी म्हणत नसे. सासरे, संभाजीआबा, तिला खंडा म्हणत. जेजुरीच्या देवाच्या हातात असतो तो खंडा. सासू शकुबाई, जिला रेश्मा आत्या म्हणायची, ती तर नुसतं 'देव' म्हणे. "देवाखालनं पारोशी जाऊ नगं गं," एवढं तिनं रेश्माला लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सांगून ठेवलं होतं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आबा तो स्वतः खाली काढत. राख-लिंबानं घासत, कोयते, विळे, खुरपी यांच्या रांगेत मधोमध मांडत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा वर ठेवत. बाईमाणसानं हात लावायचा नाही. त्याशिवाय तो खाली यायचा तो एकाच कारणानं. घरात मुलगा जन्मला की पाचवीच्या रात्री त्याच्या उशाशी, राखणीला. मुलगी झाली तर उशाशी विळा.

छकुलीच्या पाचवीला विळा होता. समर्थच्या पाचवीला खंडा. त्या रात्री घर पेंगत होतं आणि रेश्मा टाक्यांच्या दुखण्यानं जागी होती. समईच्या उजेडात तिनं खंड्याकडे पोटभर बघून घेतलं होतं. पातं एका बाजूनं धारेचं आणि कमरेतून वाकलेल्या म्हातारीसारखं हलकेच बाकदार. एम.ए.ला शिकलेलं तेव्हा तिला आठवलं होतं: खंडा, म्हणजे पुस्तकातला खांडा, वाकडा नसतो. सरळ असतो, दुधारी असतो, टोकाकडे पसरत जातो. ही साधी तलवार होती. पण ते सांगायचं कुणाला, आणि कशाला? लेकरू दूध ओढत नव्हतं, तिला ती काळजी मोठी होती.

संध्याकाळी नवऱ्याचा, दिग्विजयचा, कारखान्यातून फोन आला. बॉयलर पेटवायची तयारी चालली होती, तो वर्कशॉपमधून ओरडूनच बोलत होता.

"राजाचं स्टेटस बघितलंस का?"

"नाही. फोन हातात घ्यायला सवड कुठंय?"

"मग बघू नगंस. आन आबांच्या हातात तर मुळीच जाऊ देऊ नगंस."

तिनं अर्थातच बघितलं. चौकात बुलेटच्या सीटवर केक. भोवती टोळकं. कोणीतरी ओरडतंय, "काढ, काढ, वाघाची समशेर काढ!" राजवर्धनच्या डोक्याला देवाचं लाल कापड फेट्यासारखं बांधलेलं, तोंडभर हसू, आणि हातात तो. आबांचा खंडा, आत्यांचा देव. पात्यावर गुलाबी क्रीम. खाली गाणं लावलेलं, आणि वाढदिवसाच्या फुग्यांची चित्रं.

छकुली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आई, देवाला केक भरवला काकानं," ती म्हणाली. तिला ते आवडलं होतं.

आबांना सांगायची वेळ कुणावर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर रावजीनं त्यांना गाठलं. तिथं रावजीची जीभ म्हणजे गावाचं बातमीपत्रच होतं. "आबा, तुमच्या देवाला नवमीपत्तुर दम निघना व्हय? भर पितरांच्या पंधरवड्यात केक खाऊन आला की त्यो!" आबा दुधाचं माप न घालताच परत आले. अंगणात किटली ठेवली, देवघरात गेले. खुंट्यांवर तो होता. घाईघाईनं ठेवलेला, कापड उलटं गुंडाळलेलं, मुठीच्या खाचेत गुलाबी चिकटा तसाच. आबा बाहेर आले आणि ओट्यावर पाठ करून बसले. ना शिवी, ना आरडाओरडा. शिवी दिली असती तर घराला बरं वाटलं असतं.

दुपारी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. स्टेटस तिथंही पोचलं होतं.

राजवर्धन पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटर, गोळाफेक, बारामतीच्या अकॅडमीतले पेपर, पहाटे साडेचारला बुटांचा आवाज. ज्या खात्यात त्याला जायचं होतं त्याच खात्यानं त्याला आत बोलावलं होतं. तो आणि दिग्विजय जाऊन आले ते तोंडं पाडूनच. साहेब माणूस बरा होता, दिग्विजय सांगत होता. म्हणाला, पोरगं शिकतंय म्हणून सांगतो. असलं हत्यार घरात ठेवू नका. स्वतः आणून जमा करा, सोबत अर्ज द्या, घर वडलांच्या नावावर आहे तर सही वडलांची. सोमवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर गुन्हा दाखल होणार आणि मग चारित्र्य पडताळणीत जे यायचं ते येणार.

"अर्जात काय लिवायचं?" आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"घरातली जुनी तलवार जमा करतोय म्हनून," दिग्विजय म्हणाला.

"माझ्या घरात तलवार न्हाय."

"आबा..."

"तलवार म्हंजी मानसं मारायची. ह्यो खंडा हाय. ह्येनं कुनाला मारलं न्हाय, राखलंय. तुला राखलं, त्या गाढवाला राखलं, आता ह्या लेकराला राखतोय. त्याला हत्यार म्हनून मी अंगठाबी देनार न्हाय, सही तर लांबची गोष्ट."

"खंडा म्हना, तलवार म्हना, पोराच्या नोकरीचा सवाल हाय न्हवं?"

"म्हना म्हना काय लावलंय? तुला दिगू म्हनलं काय आन रेडा म्हनलं काय, सारखंच व्हय?"

छकुली खुदकन हसली. बाकी कोणी हसलं नाही. राजवर्धन ताट तसंच ठेवून गोठ्यात निघून गेला.

आत्या भाकरी थापत होती. परातीतला हात न थांबवता म्हणाली, "ह्यांचंबी खरं आन सायबाचंबी खरं. सून एम.ए. झालीय की घरात. रेश्मा, काढ बाई एखादा शब्द. सायबाला चालंल आन ह्यांलाबी चालंल, असला."

जसं काही माळ्यावरून पितळी डबा काढ म्हणावं.

पण काढणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही लेकरं एकाच वेळी झोपली, असा चमत्कार झाला, तेव्हा रेश्मा स्टूल घेऊन माळ्यावर पोचली. शब्दकोश सापडला तो कुरडयांच्या डब्यावर, झाकण उडू नये म्हणून ठेवलेला. लग्नाआधी ती इंदापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, तेव्हा हाच कोश रोज तिच्या पिशवीत असे. आता पानांना पापडखाराचा वास येत होता. खाली उतरून ती फरशीवर बसली, पाठ भिंतीला लावली. किती दिवसांनी एखाद्या शब्दाशी तिचं काम पडत होतं! तिला झोपही येत होती आणि बरंही वाटत होतं.

शब्दांचंही गोत असतं, हे तिला कॉलेजात कधी कळलं नव्हतं. नांदायला आल्यावर कळलं. तलवार म्हणजे थोरल्या सुनेसारखी. सगळ्या कामाला तीच, सगळे हाक मारतात तिलाच, आणि कौतुक मात्र दुसऱ्यांचं. समशेर म्हणजे सणाला येणारा जावई. बाकदार, ऐटदार, फारसीतनं आलेला, भाषणात आणि पोवाड्यात मिरवणारा. राजवर्धनच्या मित्रांना नेमका तोच आठवला होता. केक कापताना कोण 'तलवार आण' म्हणतंय? खड्ग देवळात राहतं. देवीच्या हातात, आरतीत, स्तोत्रात. घरी येत नाही. आबांना ते चालेल कदाचित, पण साहेब हसेल. धोप सरळ आणि लांब. फिरंग परक्या मुलखातल्या पात्याची, जन्मभर नावातच परकी राहिलेली. पट्टा तर हातात घालायचा, मूठ कोपरापर्यंत चढणारी, मर्दानी खेळात फिरवतात तो. कट्यार छोटी, कमरेला. नवरदेवाच्या हातात लिंबू खोचून देतात ती, तिचं निम्मं आयुष्य लग्नातच जातं. आणि खांडा. कोशात सरळ लिहिलं होतं: रुंद, सरळ, दुधारी.

एकेक शब्द ती त्या लाल कापडातल्या वस्तूला लावून बघत होती, छकुलीला दुकानात फ्रॉक लावून बघावेत तसे. हा ढगळ, हा तोकडा. अंगाला बसणारा एकच होता आणि तोच आबांना नको होता. खंडा म्हटलं तर कोश नाही म्हणत होता. पण कोशाला काय ठाऊक, पाचवीच्या रात्री उशाशी काय होतं? आबा पात्याच्या आकाराला नाव देतच नव्हते. ते त्याच्या कामाला नाव देत होते.

विळ्यापाशी आल्यावर तिनं उगीचच तोही शब्द काढून बघितला. तिथं दोन ओळी होत्या. त्यात राखणीचं काही नव्हतं.

तेवढ्यात समर्थ उठला. त्याला घेईपर्यंत कोशाचं एक पान त्याच्या मुठीत आलं.

शनिवारी ती त्याला कडेवर मारून काटेवाडीच्या थांब्यावर उभी राहिली. छकुलीला आत्यांकडे ठेवलं होतं. इंदापूरची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. निमगावच्या पानमळ्यांपाशी समर्थ झोपला आणि तिचीही मान खिडकीवर आपटत राहिली. इंदापुरात कोर्टासमोरच्या गाळ्यात ज्योत्स्ना बसायची. कॉलेजातली मैत्रीण. रेश्मानं एम.ए. केलं तेव्हा तिनं वकिली केली.

"रेश्मे, तू झोपतेस की नाही गं? डोळे बघ." ज्योत्स्नानं समर्थला ओढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या हातात फायलीची नाडी दिली. "चाव. ही केस तशीही हरलेय मी."

रेश्मानं सगळं सांगितलं. कोशातले शब्दसुद्धा सांगितले. एवढं मन लावून ऐकणारं माणूस तिला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

"हे सगळं गोड आहे," ज्योत्स्ना म्हणाली, "पण कायद्याला शब्द नको असतो बाई, पट्टी हवी असते. पातं नऊ इंचांच्या वर गेलं की ते हत्यार. मग तू त्याला खंडा म्हण, खड्ग म्हण नाहीतर मोगऱ्याची कळी म्हण. आता कोयता चालतो, उसाला लागतो म्हणून. त्या कोयत्यानं पोरं काय काय करतायत ते मी रोज बघते. पण तो शेतीचा."

"म्हणजे दुसरा शब्दच नाही?"

"शब्द आहेत. सुटका नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आमच्या अक्काबाईचं सांगितलंय का तुला कधी? माझी पणजी. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले सगळ्यांनी. तिनंही सोडले. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मनानं गेली होती ती. तरी परत येताना टोपली रिकामी आहे म्हणून रडली म्हणे. आजी म्हणायची, देवांसाठी नाही रडली, रोज पुसायची सवय होती हातांना."

रेश्मानं समर्थच्या तोंडातली नाडी काढली. दोन्ही घरांचं सोडणं वेगळं होतं, ते ज्योत्स्नालाही ठाऊक होतं. तिच्या पणजीनं मान वर करून सोडलं होतं. आबांना मान खाली घालून द्यायचं होतं. पण हातांचं म्हणावं तर हात सारखेच.

"जमा करा," निघताना ज्योत्स्ना म्हणाली. "आणि एक दिवस आईकडे राहून जा. झोपायला."

आईचं घर तिथून चालत जाण्यासारखं होतं. पण छकुली वाट बघत असेल म्हणून रेश्मा तशीच परतीच्या गाडीत बसली.

घरी पोचली तेव्हा राजवर्धन गोठ्यात गव्हाणीच्या कडेवर बसला होता. रोज पहाटे पळून आला की तो समर्थला खांद्यावर घेऊन म्हशींपुढं फिरवायचा आणि तेवढ्या वेळात रेश्माचा चहा गरम असतानाच पिऊन व्हायचा. या घरात तिच्या वाट्याला आलेला तोच एक गरम चहा. त्या चौकातल्या वाढदिवसापासून तो पळायला गेला नव्हता.

"मिळाला का शब्द, वहिनी?"

"नाही मिळाला, भावजी."

तो म्हशीच्या पाठीवरची गोचीड काढत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "तुमी जाग्या व्हता न्हवं त्या दिवशी? कडी वाजली तवा."

"होते."

"मला वाटलं, तुमी हाक माराल. मी दाराशी थांबलो व्हतो जरासा. हाक आली तर ठिवायचा परत, असं मनात व्हतं. पोरांला काय, सांगितलं असतं किल्ली गावली न्हाय."

"त्याला किल्ली कुठंय? नुसती कडी."

"त्यांला कुठं म्हाइती हाय?"

तिला हसू आलं. "मला उठवलं नाही हो, भावजी. लेकरू दंडावर होतं. मी नुसती पडून राहिले."

"तसं न्हवं. तुमच्यावर ढकलत न्हाय मी."

"माहितीय."

त्यानं समर्थला घेतलं. ती आत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि चुलीपुढं आबांना सांगितलं. शब्द पुष्कळ आहेत, पण त्या साहेबाला चालेल आणि तुम्हालाही चालेल असा एकही नाही. खंडा म्हणून अर्ज दिला तरी मोजून ते तलवारच लिहिणार.

आत्या उठली, पदर खोचला आणि आबांच्या समोर येऊन बसली. एवढ्या वर्षांत रेश्मानं तिला त्यांच्या समोर असं बसलेलं बघितलं नव्हतं. नेहमी बाजूला बसायची.

"मी एक इचारू? देव हाय न्हवं त्यो?"

"मग काय तर!"

"राखनीला म्हनून राजाच्या उशाला ठिवला व्हता. तुमीच ठिवला व्हता. मी रातभर बघत व्हते. तवा मी त्याला काय मागितलं म्हाइती हाय? म्हनलं, ह्या पोरावर येईल ती तू तुझ्यावर घे. आता आलीय. मग घिऊ दे की त्याला! आपुन मानसं जातो ठान्यात, देवाला जायला काय हुतंय?"

आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग ते म्हणाले, "देव मी ठान्यात पाठवायचा न्हाय, शके."

"अवो, पन..."

"ऐक की. देव न्हाय पाठवायचा." त्यांनी रेश्माकडे बघितलं. "पोरी, तलवार लिव. सरळ तलवार लिव. देव लिवू नगंस, खंडा लिवू नगंस. तलवार जाऊ दे ठान्यात. देवाचं मग देव बघंल."

इतके दिवस ज्या शब्दाला ते हात लावत नव्हते, तोच त्यांनी स्वतः उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. रेश्माला कोशातली सगळी पानं एकदम फिकी वाटली. तिनं छकुलीच्या चित्रकलेच्या वहीतला एक कोरा कागद फाडून घेतला आणि लिहिलं: आमच्या घरातील जुनी तलवार. आबांनी सही केली. शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

सोमवारी सकाळी प्रश्न पडला, खाली काढायचा कुणी? आबा ओट्यावर पाठ करून बसले होते, ते आत यायला तयार नव्हते. राजवर्धनला देवघराचा उंबरा ओलांडायची बंदी आत्यानंच घातली होती. दिग्विजय रात्रपाळी करून अजून यायचा होता, आणि ठाण्यात दहाला जायचं होतं. आत्याचा हात खुंटीपर्यंत पोचत नव्हता.

"तू काढ," आत्या रेश्माला म्हणाली.

"मी? पण बाईनं तर..."

"देवाला हात लावायचा नस्तो. आता त्यो देव कुठं ऱ्हायलाय? तलवार लिवलीस न्हवं तूच?" असं म्हणताना तिचाच आवाज फाटला. मग तिनं वाटीतल्या अक्षता रेश्माच्या हातावर ठेवल्या. "थांब. तसाच नगं. गनपतीला हलवतो तसं हलव आधी. अक्षता टाक आन जाग्यावरनं बोटभर सरकव. म्हंजी त्यो निघून जातो. मग उरतं ते नुसतं लोखंड."

रेश्मा स्टुलावर चढली. छकुली दारात उभी होती, फ्रॉकचं टोक तोंडात घेऊन, आणि आत्याच्या कडेवर समर्थ. रेश्मानं अक्षता टाकल्या. त्यातले चार दाणे टाकांवर पडले, बाकीचे तिच्याच केसांत. मग तिनं दोन्ही हात लावून ते लाल कापड बोटभर सरकवलं. खुंटीनं बारीकसा आवाज केला.

खाली काढल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, ते किती हलकं होतं. पाचवीच्या रात्री नुसतं बघूनच केवढं जड वाटलं होतं! किती पिढ्यांनी राख-लिंबानं घासून घासून पातं कागदासारखं झालं होतं. मुठीपाशी तर छकुलीच्या पट्टीएवढंच रुंद उरलं होतं. धार कधीच गेलेली. याच्यानं केक कापला गेला हेच नवल. मुठीच्या खाचेत गुलाबी काहीतरी अजून चिकटलेलं होतं. ते तिनं पदरानं पुसलं.

लाल कापड आत्यानं काढून घेतलं. ते घरात राहणार होतं. मग गुंडाळायचं कशात? मोटारसायकलवर उघडं कसं नेणार? रेश्मानं दोरीवरचं दुपटं ओढलं, समर्थचं. आधी छकुलीचं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यात तिनं ते गुंडाळलं, तान्ह्याला गुंडाळतात तसं, एक टोक आत, एक टोक वरून. हाताला गुंडाळणं तेवढंच येत होतं.

बाहेर राजवर्धन मोटारसायकलला किक मारत होता. दिग्विजय फाटकातून आत येत होता. ओट्यावर आबांची पाठ, अजून तशीच.

"आन हिकडं," आत्या म्हणाली. पण रेश्मा जागची हलली नाही. इतकी थकली होती ती, की हातात जे आहे ते खाली ठेवायलाही बळ लागणार होतं. तिनं दुपटं छातीशी धरलं. तिचं अंग सवयीनं झोके देऊ लागलं होतं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

छकुली जवळ आली. तिनं रिकाम्या खुंट्यांकडे बघितलं, दुपट्याकडे बघितलं. गेल्याच पंधरवड्यात ती कॅनॉलच्या कडेला टाळ्या वाजवत ओरडली होती, गणपती गेले गावाला.

"आई," ती म्हणाली, "गणपती त्याच्या गावाला जातो. मग ह्या देवाचं गाव कुठलं?"